दाण्याचं माप

पाणी बदलून झालं, लस टोचून झाली, तरी आमच्या मेंढ्या मरतच होत्या. आणि मरत होत्या त्या चांगल्या गुबगुबीत, आदल्या संध्याकाळी उड्या मारणाऱ्या. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी एका मेलेल्या मेंढीचं पोट उघडून पाहिलं, तर आत नुसता मका.

"ही साथ नाही हो. एकदम इतका दाणा पोटात गेला, की धडधाकट मेंढीही जगत नाही. दाणा घालतं कोण?" हात धुऊन चहाचा कप उचलत त्यांनी विचारलं.

"आमचे वडील. पण अण्णांचा हात म्हणजे तराजू! रोज सकाळी एक घमेलं, वर एक दाणा नाही. आजही घातलं, मी समोरच होतो."

तेवढ्यात अण्णा ट्रे घेऊन बाहेर आले. "डॉक्टरसाहेब, चहा तरी घ्या."

डॉक्टरांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मघाशी तोही अण्णांनीच आणून दिला होता.



अण्णांनी ट्रे खाली ठेवला आणि घमेलं उचललं. "बघ रे, बोलण्याच्या नादात सकाळपासून उपाशीच राहिल्या बिचाऱ्या."