अकरा ओळी

"मॅडम, तुम्ही लिहिलेल्या या अकरा ओळी आता कुठेच वापरल्या जात नाहीत. काढून टाकू का?"

गुवाहाटीच्या कुणा विद्यार्थिनीची ही मेल अश्लेषानं दोनदा वाचली. संगणक सुरू होताना ज्या भागातून मदरबोर्डवरच्या चिपशी पहिल्यांदा बोलतो, त्या भागातल्या या ओळी. चौदा वर्षांपूर्वी तिनं लिहिलेल्या. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या लिनक्स या संगणकप्रणालीत तिच्या नावावर तेवढंच होतं. पुढे मुलीच्या आजारपणात नोकरी सुटली. आता सोमवारी मुलाखत होती आणि सोबत न्यायच्या अर्जात तिनं सगळ्यात वर लिहिलं होतं, 'माझा कोड लिनक्समध्ये आहे.'

"सोमवारपर्यंत उत्तरच देऊ नकोस," नवरा म्हणाला. "मेल पाहिलीच नाही म्हणायचं."

तिनं माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला आणि त्या ओळी वगळून सुरू केला. तो अडावा, निदान एकदा तरी कुरकुरावा, असं तिला फार वाटत होतं. तो सरळ सुरू झाला. तिनं बंद करून पुन्हा लावला. तसाच.

मग अर्ज उघडून तिनं 'आहे'चं 'होता' केलं आणि मेलला उत्तर लिहिलं, 'जुन्या मशीनवर तपासलं. खुशाल काढा. त्या काय करतात ते सांगणारी माझी दोन ओळींची टीप तुमच्या मोजणीत राहिलीय, तीही काढा.'

नवरा मागे उभा राहून वाचत होता. "अगं, टीप तरी राहू द्यायचीस!"

"अर्धवट झाडलेलं मला बघवत नाही," असं म्हणून तिनं मेल पाठवून दिली.