डावी खुर्ची

"क्लच हळू सोड," तो म्हणाला.

बायकोने क्लच हळू सोडला. गाडीने एक आचका दिला आणि बंद कारखान्यामागच्या रिकाम्या मैदानात ती चालू लागली. तो शेजारी, डाव्या खुर्चीत बसला होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या या गाडीत त्याच्या पायांशीही क्लच आणि ब्रेक होते. विमानातही कॅप्टन डावीकडेच बसतो. विमान कंपनीने सक्तीच्या बिनपगारी रजेवर घरी बसवलं तेव्हा बाकी सगळं सुटलं, डावी बाजू तेवढी सुटली नाही, असं तो शिकायला येणाऱ्यांना हसत हसत सांगायचा.

काल संध्याकाळी कंपनीचा फोन आला होता. परत या, उत्तर उद्या दुपारपर्यंत कळवा. तेव्हापासून त्याचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. सकाळी चहाचा कप पुढे करताना बाबांनी त्याला पुन्हा 'कॅप्टन' म्हणायला सुरुवात केली. मग मला पोहायला कोण नेणार, असं लेकीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती टॉवेल शोधायला गेली. बायको मात्र त्यावर चकार शब्द बोलली नाही. आज माझा तास आहे ना, एवढंच तिने विचारलं. ती गाडी शिकतेय ती आपण जाणार म्हणून, की आपण जावं म्हणून, की तिला नुसतीच गाडी शिकायची आहे, याचा त्याला काही उलगडा होईना. विचारावं तर आपल्याला कोणतं उत्तर आवडेल हेही त्याला ठाऊक नव्हतं.

विमान चालवायचं होतंच. लेकीला पोहायला न्यायचंही होतं. शिवाय हात सगळं विसरले असतील तर, अशी एक भीती होती. ती त्याने घरात कुणालाच सांगितली नव्हती.

"उतारावरून घेऊ?" बायकोने विचारलं.

"घे."

विमानातली एक रीत तो आपल्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पाडायचा. यंत्र एका वेळी एकाच्याच ताब्यात. घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "माझ्याकडे." सोडणाऱ्याने म्हणायचं, "तुझ्याकडे," आणि मगच हातपाय काढून घ्यायचे. दोघांनी धरलंय असं होता कामा नये, कुणीच धरलं नाही असं तर नाहीच नाही. स्कूलचा मालक यावरून त्याची टर उडवायचा, गाडी शिकवतोस की शपथविधी करतोस म्हणून. पण बायकोने ही रीत पहिल्याच दिवशी आत्मसात केली होती.

उतार सुरू झाला आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. कंपनीचाच नंबर होता. त्याला म्हणायचं होतं की तुझ्याकडेच राहू दे, मी बोलून घेतो. तोंडातून निघालं भलतंच.

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे," बायको म्हणाली. तिने हात मांडीवर ठेवले आणि पाय मागे घेतले.

तो फोनकडे बघत राहिला. हिरवं बटण दाबावं की लाल, यातच त्याचं सगळं चित्त अडकलं होतं. गाडी आपली आपण उतारावरून चालत गेली आणि वाळूच्या ढिगात नाक खुपसून बंद पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फोनही वाजून वाजून थांबला.

"मी सोडली होती," बायको म्हणाली.

"माहीत आहे."

"तू घेतलीच नाहीस."

"माहीत आहे गं."

त्याचे कान तापले. इतकी वर्षं विमानं चालवली, पण ही चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती. मग एकदाचं त्याने विचारलं.

"मी परत जाऊ का?"

"मला विचारतोयस, की मी नको म्हणावं म्हणून विचारतोयस?"

"तेच तर मला कळत नाहीये."

तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळेही भरले. ते तिने दुपट्ट्याने टिपले. "उतर," ती म्हणाली. "बाहेर उभा राहून काय ते बोल. दोन्ही कामं एकदम तुला जमत नाहीत."

तो उतरला. सवयीप्रमाणे खिडकीतून वाकून म्हणाला, "तुझ्याकडे."

"माझ्याकडे," ती म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली.

विमान शिकवणारा गुरूही एक दिवस धावपट्टीपाशी विमान थांबवून असाच मध्येच खाली उतरतो आणि शिकणाऱ्याला एकट्याला पाठवतो. पण कधी उतरायचं ते गुरू ठरवतो. इथे गुरूलाच उतरवलं होतं. त्याला तिचा अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं. त्याने नंबर लावला.

गाडी वाळूतून मागे आली, थांबली, आणि आचका न देता पुढे निघाली. डावी खुर्ची रिकामी होती.

"बोला कॅप्टन," फोनवरची बाई आदराने म्हणाली. "काय ठरलं मग?"

"एक मिनिट हं," तो म्हणाला.

गाडी मैदानाच्या टोकाला, वळणाजवळ पोचली होती. तिथे ब्रेक हवा होता. त्याने फोन कानाशी तसाच धरून उजवा पाय मातीत घट्ट दाबला. तिकडे गाडीचे मागचे लाल दिवे लागले.