पांढरी पट्टी

"बासष्ट, निदान गावाचं नाव तरी सांग."

"सांगू शकत नाही, साहेब."

नव्या उस्तादाने, म्हणजे नव्या प्रशिक्षकाने, पेन टेबलावर टाकलं. सकाळपासूनचं हे एकशे एकोणतिसावं 'सांगू शकत नाही'. तो कागदावर रेघा मारत होता.

कमांडो निवडीची ही शेवटची पायरी. पकडलेल्या उमेदवाराने आपला नंबर आणि 'सांगू शकत नाही' याखेरीज काही बोलायचं नाही आणि उस्तादाने त्याला बोलतं करायचं. परीक्षा संपली की परीक्षक स्वतःच्या दंडावर पांढरी पट्टी बांधतो. ती दिसली की उमेदवार मोकळा.

"अंगाला हात लावायचा नाही," थोरल्या उस्तादाने बजावलं होतं. "आणि पट्टीशी खेळायचं नाही. ती एकदा खोटी ठरली तर पोरं विश्वास कशावर ठेवतील? बारापर्यंत गाव काढलंस तर इथे राहशील. नाहीतर परत पलटणीत."

इथल्या क्वार्टरसाठी बायकोने पडदेसुद्धा शिवून ठेवले होते.

"बायकोला तरी नाव सांगितलंयस का रे स्वतःचं?"

"सांगू शकत नाही, साहेब."

बासष्टच्या कानशिलांवरचे केस पिकले होते. तीन दिवस उपाशी, जागं ठेवलं की पोरंही म्हातारी दिसतात, उस्ताद मनाशी म्हणाला.

त्याने चहा पाजून पाहिला, ओरडून पाहिलं, तासभर गप्प बसूनही पाहिलं. दगडाला पाझर फुटला असता एखादे वेळी. पावणेबारा वाजले.

तो बाहेर गेला. प्रथमोपचाराच्या पेटीतलं बँडेज दंडाला गुंडाळून आत आला.

"ऊठ बाबा. संपली परीक्षा. पास झालास."

बासष्ट बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला.

"नक्की, साहेब?"

"आता काय दवंडी पिटू? पट्टी दिसत नाही का? गाव सांग, फॉर्म भरायचाय."

बासष्टने गाव सांगितलं. तालुका, जिल्हा, न विचारता पिनकोडसुद्धा. उस्तादाने सगळं नीट लिहून घेतलं आणि घड्याळ पाहिलं. बाराला सात कमी. सकाळपासून पहिल्यांदाच तो खुर्चीत मागे टेकला.

बासष्ट खाली वाकला. बुटात दोन बोटं घालून त्याने घडी केलेली पांढरी पट्टी काढली आणि सावकाश स्वतःच्या दंडाला बांधली.

"आता संपली," तो म्हणाला. "तुझी."