आहेरातला कुकर

अंबादासने माळ्यावरून कुकर खाली काढला, तेव्हा त्याच्या दांड्यावर लग्नातल्या आहेराची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. इतकी चांगली वस्तू धूळ खात ठेवून रेणुका आयुष्यभर पातेल्यात डाळ शिजवत बसली, याचं त्याला नवल वाटलं.

सूतगिरणी बंद पडल्यापासून स्वयंपाक त्याच्या गळ्यात पडला होता. रेणुका औषधांच्या कारखान्यात रात्रपाळी करायची, सकाळी येऊन चहा प्यायची आणि आतल्या खोलीत झोपायची. आज ती उठायच्या आत जेवण तयार ठेवायचं, असं ठरवून त्याने कुकर घासूनपुसून गॅसवर चढवला.

पहिल्याच शिट्टीला ती दचकून बाहेर आली. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. तिने गॅस बंद केला.

"हा इतकी वर्षं माळ्यावर का टाकलास?" त्याने विचारलं. "डाळीला एवढा वेळ का लागतो म्हणून रोज तुझ्यावर खेकसायचो मी."

"गिरणीत तुमची रात्रपाळी असायची. दिवसा झोपायचात ना तुम्ही," ती म्हणाली आणि पुन्हा जाऊन आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती भूक भूक करतच. गॅसवर पातेलं रटरटत होतं आणि अंबादास पळी घेऊन उभा होता.

"अजून डाळच शिजतेय? बाबा, कुकर का नाही लावला?"

"हळू बोल," तो म्हणाला. "आई झोपलीय."