सोबत हवी

खिडकीबाहेर डुलुथचं गोठलेलं सरोवर. खुंटीवर आर्विडची लोकरी टोपी. गार झालेली कॉफी. संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरांत एक चूक.

आर्विड, माझा नवरा, जानेवारीत गेला. आमच्या बंदराचं वेळापत्रक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यानं लिहिलेलं एक छोटं पॅकेज, कोडचा एक तुकडा, अजून होतं. बाकीच्या नव्या पॅकेजांशी त्याचं जमेना, म्हणून सगळंच अडलं होतं.

"काढून टाक ना, सिग्ने," समोरच्या टेबलावरून वेंडेल म्हणाला. "चाळीस ओळी तर आहेत. की फ्रेम करून भिंतीवर लावणारेस?" मग त्यानं जीभ चावली. "सॉरी गं."

"त्याचं इथं तेवढंच उरलंय रे."

तरी मी काढलं. सगळी पॅकेजं पुसली आणि पुन्हा संगणकावर उतरवली. यादीत आर्विडचं पॅकेज परत आलं होतं.

पुन्हा पुसलं. पुन्हा आलं.

"दुसरं कुठलं तरी पॅकेज त्याला ओढून आणत असेल," वेंडेल म्हणाला. "विचार की त्यालाच, कोण मागतंय."

मी तशी आज्ञा टाईप केली. त्याला कोणीच मागत नव्हतं. लाल ओळ मात्र बदलली होती.

या पॅकेजला सोबत हवी: सिग्ने. सापडली नाही.

"हे तू लिहिलंस?"

वेंडेलनं नकारार्थी मान हलवली. त्याचे हात टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर होते.

मी आर्विडची फाईल उघडली. सोबत लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत एकच नाव होतं, माझं. फाईल शेवटची बदलली होती अकरा वर्षांपूर्वी.

आर्विड आणि मी पहिल्यांदा भेटलो, त्याला नऊ वर्षं झाली.