तळाचा थर

“शेवटच्या पानापर्यंत अहवालच वाटला, तर तसं स्पष्ट सांग,” निवृत्त पुरातत्त्वज्ञ चष्मा पुसत बायकोला म्हणाले. “संध्याकाळी संग्रहालयाच्या संचालकांचा फोन येईल. वस्तुसूचीचं काम घेतो म्हणून त्यांना कळवीन आणि हा कथेचा नाद सोडीन.”

“सांगेन की. मी काय तुम्हाला भिते?”

त्यांचे सगळे अहवाल जन्मभर तिनेच टाइप केले होते. आता ती खिडकीपाशी बसून एक जुना स्वेटर उसवत होती.

त्यांनी आपली कथा वाचायला सुरुवात केली. पहिल्याच परिच्छेदात एका म्हातारीने घराला बाहेरून कडी घातली आणि मागे वळूनही न पाहता ती निघून गेली. पुढच्या पानावर तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्या पुढच्या पानावर तोच धान्याची पोती उचलत होता.

“अहो, थांबा. ही माणसं अशी उलटी काय चाललीत?”

“उत्खननात वरचा थर आधी लागतो. अखेरचा दिवस सर्वांत वर असतो. मला माणसं आयुष्यभर याच क्रमाने भेटली.”

“तुम्हाला भेटली असतील. वाचणाऱ्याने काय कुदळ घेऊन बसायचं?”

“तू स्वेटर कुठून उसवतेस? शेवटच्या टाक्यापासूनच ना?”

“उसवतेच आहे. विणतेय असं म्हटलं का मी?”

आपण वाद हरलो, हे त्यांना मनोमन मान्य करावे लागले. वाचन मात्र त्यांनी थांबवले नाही. पानागणिक घर तरुण होत गेले. चुलीमागच्या भिंतीवरची काजळी फिकी झाली, दाढीमिशा फुटलेले मुलगे पुन्हा रांगू लागले, पाळणा रिकामा झाला. शेवटच्या पानावर दोघेच उरले. चार कोऱ्या भिंती आणि मधोमध चोपून गुळगुळीत केलेली ओली जमीन. चुकून तिचा पाय त्या जमिनीवर पडला. नवरा चिडला, बराच वेळ त्या ठशाकडे पाहत राहिला, आणि मग त्याने शेजारी आपलाही पाय मुद्दाम उमटवला.

उसवणारा हात थांबला होता.

“त्या घराच्या अहवालात एकच ठसा होता,” ती म्हणाली. “बाईचा. मीच टाइप केलं होतं.”

“एकच सापडला होता.”

“मग हा दुसरा?”

“तो मी ठेवला.”

उभ्या हयातीत ज्याने खापराचा एक तुकडा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, तो माणूस चोरी पकडली गेल्यासारखा, पण खुशीत हसला.

फोन वाजला. ते उठण्याआधीच तिने तो घेतला.

“नमस्कार. नाही हो, सूचीचं त्यांना जमायचं नाही. दुसरं कुणी बघा.” पलीकडून काहीतरी विचारले गेले. “प्रकृती उत्तम आहे. गोष्ट लिहिताहेत ते.”

ती परत जागेवर येऊन बसली आणि लोकरीचा गुंडा तिने मांडीत घेतला. त्यांनी पेनाचे टोपण काढले होते.

“शेवटी आणखी एखादं वाक्य हवं का?”

“काही नको. इथंच थांबा,” ती म्हणाली. “त्या दोघांना पुढचं काही कळू देऊ नका.”