रुतलेलं जोडवं

“कापायचं नाय. काढ,” लक्ष्मीबाईनं बन्सी सोनाराला बजावलं.

गुलमंडीतल्या त्या अरुंद दुकानात तिची सून सुरेखा स्टुलावर पाय ठेवून बसली होती. इमारतीच्या कामावर पायावर वीट पडलेली. बोट काळंनिळं सुजून चांदीचं जोडवं मांसात रुतलं होतं. आज निघालं नाही तर बोट जाईल, असं डॉक्टरनं सांगितलेलं.

बन्सीनं साबण लावला, दोरा गुंडाळून ओढला. सुरेखानं पदर दातांत धरला. जोडवं जागचं हललं नाही.

“कापावंच लागंल, आजी.”

“मग नवं आधी चढव, जुनं मागून काप. नवरा जित्ता असलेल्या बाईचं बोट मोकळं ठेवत नसतेत.”

“ह्या बोटात नवं चढंल व्हय?”

शेजारी कॉलेजातली एक पोरगी पाय पुढं करून जोडवी घालून बघत होती. तीही एकाच पायात.

“लगीन झालं का गं तुझं?”

“नाही आजी. जीन्सवर छान दिसतात.”

“दिसतेत! आम्ही काय दिसायला घातली व्हय?”

पोरगी हसली. बोटातलं काढून तिनं पुढं धरलं. “हे घ्या. खुलं आहे, पाहिजे तेवढं फाकवता येतं. ताईंना दुखणार नाही.”

बन्सीनं ते फाकवून बघितलं. “बसंल. घरधनी कुठं असतेत?”

“बोअरच्या गाडीवर. पाणी खोल गेलंय, गावोगाव बोअर घेतेत. पोराला सवड नाय,” लक्ष्मीबाई ठसक्यात म्हणाली. “दिवाळीला येणार हाय.”

सुरेखानं तोंडातला पदर काढला.

“कोणत्या, आत्या?”

सासूपुढं ती आजवर बोलली नव्हती. लक्ष्मीबाईनं तिच्याकडं बघितलं. गावात, नात्यात, कामावर, ज्यानं विचारलं त्याच्या तोंडावर उत्तर फेकणारी बाई. तिची नजर सुनेच्या सुजलेल्या बोटावर गेली.

“काप,” ती बन्सीला म्हणाली.

कातर चालली. जोडवं दोन तुकडे होऊन पडलं. बन्सीनं ते खुलं जोडवं उचललं.

“ऱ्हाऊ दे ते. पोरीचं पोरीला दे.”

मग गुडघ्यावर हात टेकत लक्ष्मीबाई खाली फरशीवर बसली. सुनेचा दुसरा पाय तिनं उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“आत्या, ह्या पायाला कायबी झालं नाय.”

“ठावं हाय मला,” लक्ष्मीबाई म्हणाली, आणि त्या बोटातलं जोडवं स्वतःच्या हातानं उतरवायला लागली.